साखर आणायला गेलेला माणूस

प्रत्येक ऑफिसात एक तरी अशी बाई असते, जी साध्या पिकनिकचीसुद्धा एक्सेल शीट बनवते. आमच्या ऑफिसातली ती बाई म्हणजे मी! त्यामुळे यंदा जानेवारीत आम्ही हिंद महासागरातल्या क्रूझवर निघालो, तेव्हा मॉरिशसच्या एका दिवसाचे कॉलम दोन महिने आधीच भरून झाले होते. साडेआठला बोटीवरून खाली. नऊला बस. साडेदहाला कॅटामरान. बाराला इल ओ सर्फ नावाच्या चिमुकल्या बेटावर पांढऱ्या वाळूत ताणून द्यायची... कपडेसुद्धा ठरले होते. माझा पिवळा सनड्रेस, नवरोबाची ती भयंकर फुलाफुलांची बर्म्युडा आणि आईसाठी खास घेतलेली स्ट्रॉ हॅट.

पावसाचा कॉलम मात्र नव्हता.

सेशेल्सला बोटीत चढलो होतो. दोन दिवस चहूकडे नुसतं पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी केबिनचा पडदा सरकवला, तर समोर पोर्ट लुईचे डोंगर दिसायला हवे होते. दिसलं काय, तर पिळायचं राहून गेलेलं राखाडी फडकं! पाठोपाठ अनाउन्समेंट झाली. समुद्र खवळलाय, सबब कॅटामरान रद्द, पैसे परत मिळतील. दुसऱ्या टूर्सच्या काउंटरवर मी धावतपळत पोचेपर्यंत सगळ्या बसेस फुल्ल.

जानेवारी म्हणजे तिथला ऐन उन्हाळा. आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ‘आपल्या दिवशी’ पाऊस पडणार नाही, असं प्रत्येकालाच वाटत असतं ना?

‘‘चला, बोटीवरच बसू. स्पा आहे, बुफे आहे,’’ नवरोबा खुशीत म्हणाले.

आई तोपर्यंत चपला घालून तयार होती. हातात तिची फोल्डिंगची छत्री. मी पुण्यात जिच्यावरून तिची मनसोक्त टिंगल केली होती, तीच ती छत्री! आईचं माहेर संगमेश्वरजवळचं. ती म्हणाली, ‘‘पावसात घरात बसायचं ठरवलं असतं, तर आमच्याकडे चार महिने कोणी कोणाला भेटलंच नसतं.’’

तर एक फंडा आधीच सांगून ठेवते. बोटीवाल्यांच्या टूरने गेलात आणि बसला उशीर झाला, तर बोट थांबते. स्वतःची टॅक्सी केलीत आणि उशीर झाला, तर बोट जाते. तुम्ही धक्क्यावर उभे, आणि तुमची बॅग केबिनमध्ये बसून पुढच्या देशाला! साडेचारपर्यंत आत यायचं, पाचला बोट सुटणार, असं बजावलं होतं. मी मोबाइलवर तीन अलार्म लावले आणि आम्ही बंदराबाहेर टॅक्सी ठरवली.

ड्रायव्हर पन्नाशीचा. आरशात आमच्याकडे बघत हिंदीत विचारलं, ‘‘मुंबई?’’

‘‘पुणे.’’

गाडी सुरू करायची सोडून तो मागे वळला. ‘‘मराठी? मी पण मराठी. बोलतो थोडा थोडा. शाळेत शिकला.’’

आता मॉरिशसला मराठी माणसं आहेत, हे आपण जनरल नॉलेजच्या पुस्तकात वाचलेलं असतं. तिथे शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सरकारी सुट्टी असते, हेही. (आमच्या क्लायंटला हे एकदा कोणीतरी समजावून सांगा प्लीज!) पण समोरचा माणूस फोनवर बायकोशी क्रेओलमध्ये बोलतो, पोलिसाशी फ्रेंचमध्ये आणि आपल्या आईशी ‘तुम्ही बसला बरोबर?’ असं बोलतो, तेव्हा पोटात काहीतरी हलतंच. तो आईला ‘तांतीन’ म्हणायचा. म्हणजे तिकडची मावशी. आई त्याला ‘भाऊ’. पहिल्या पाच मिनिटांत दोघांचं गोत्र जुळलं आणि मी मागच्या सीटवर टुरिस्ट झाले.

गणपतीत काय काय करता, असं आईने विचारलं. तो म्हणाला, भजन, आरती, मग रात्री झाकरी.

‘‘झाकरी म्हणजे?’’

त्याने स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी गोल काढून दाखवला. गोलात फिरायचं, मध्ये ढोलकी, गाणारा मध्ये बसणार, बाकीचे पायात चाळ बांधून...

‘‘अहो, ही आमची जाखडी!’’ आई जवळजवळ ओरडलीच. ‘‘आमच्या वाडीत नाचतात ती!’’

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाहेर वायपर फटाफट फिरत होते. ‘भाऊ, पुढे बघा,’ असं मला म्हणावं लागलं.

पहिला स्टॉप होता पांपलमूसची बाग. अठराव्या शतकात फ्रेंचांनी वाढवलेली. मसाल्याची झाडं इथे आणून रुजवणारा पियेर प्वाव्हर याच बागेतला. उन्हात इथे बसेसची रांग लागते म्हणे. पावसात आम्ही तिघं, एक माळी आणि हजारभर बेडूक. व्हिक्टोरिया कमळांचं ते प्रसिद्ध तळं फोटोत पाहिलं असेलच तुम्ही. परातीएवढी पानं, काठ वर वळलेले. पण पाऊस पडताना त्या पानांवर पाणी कसं नाचतं, ते फोटोत येत नाही. पाऱ्याच्या गोळ्या परातभर सैरावैरा पळत असतात. या कमळाचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्याच बागेत तालिपोट नावाचा ताड आहे. कित्येक दशकं नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग मरतो.

‘‘म्हणजे एकच अप्रेझल आणि लगेच रिटायरमेंट,’’ नवरोबा. बर्म्युडा ओली होऊन गुडघ्याला चिकटलेली असूनही माणसाचा मूड कायम होता, याचं क्रेडिट द्यायला हवं.

पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. आणि उसात मध्येच काळ्या दगडांचे ढीग, एखाद्या पडक्या देवळाच्या चौथऱ्यासारखे. मला वाटलं, काहीतरी पुरातन असेल. ड्रायव्हरभाऊ म्हणाला, पुरातन नाही. हे बेट ज्वालामुखीचं, जमिनीत सगळा दगड. ऊस लावायचा तर आधी दगड वेचायला हवा. तो वेचून रचला आमच्या आज्या-पणज्यांनी. भारतातून आणताना त्यांना सांगायचे म्हणे, की तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. ‘‘मग उलटला दगड,’’ तो म्हणाला. ‘‘खूप उलटला.’’

बो प्लां नावाच्या गावी जुना साखर कारखाना आहे. तो १९९९ मध्ये बंद पडला आणि २००२ पासून तिथे साखरेचं म्युझियम सुरू झालं. पावसाळी दिवसासाठी एकदम आयडियल. डोक्यावर छप्पर, आत प्रचंड मशिनरी आणि शेवटी साखरेचं टेस्टिंग! पण हे टेस्टिंग येण्याआधी भिंतीवर बरंच काही वाचावं लागतं, आणि ते गोड नाही. इथल्या मळ्यांत आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेले गुलाम राबायचे. १८३५ मध्ये गुलामी संपली. पण ऊस थोडाच थांबणार? इंग्रजांनी त्याआधीच कराराने मजूर आणायचा प्रयोग सुरू केला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून भारतातले पहिले ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. प्रयोग यशस्वी झाला. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं आली. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि आपल्या मुंबईहून.

टेस्टिंगच्या टेबलावर वाट्या मांडलेल्या. सोनेरी साखरेपासून थेट काळ्या, ओलसर मस्कोवाडोपर्यंत. मी आपली ‘नोट्स ऑफ कॅरॅमल’ वगैरे शोधत होते. आईने काळ्या साखरेची चिमूट जिभेवर ठेवली. ‘‘हा तर गूळ.’’ मग फिकट साखरेच्या वाटीकडे बोट केलं आणि म्हणाली, ‘‘ही मोरस.’’

‘‘काय?’’

‘‘माझी आजी पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायची. सणाला मोरस आणा, पाहुण्यांच्या चहात मोरस घाला. आमच्या घरातला एकजण मोरसला गेला होता.’’

आधी मला कळेचना. मग ट्यूब पेटली. मोरस... मॉरिस... मॉरिशस! साखर यायची ते बेट आणि साखर, दोघांनाही एकच नाव.

गोष्ट अशी होती. आईच्या आजीच्या आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ. घरात भांडण झालं म्हणा, दुष्काळ म्हणा, मुंबईला गेला आणि तिथून ‘मोरसला’. परत आला नाही. आईला आणि मामांना लहानपणी वाटायचं, की तो बिचारा दुकानात साखर आणायला गेला आणि वाटेत हरवला. कोणी बाजारातून यायला उशीर केला की घरात म्हणायचे, ‘मोरसला गेलास काय रे?’

‘‘हे तू मला कधीच सांगितलं नाहीस!’’

‘‘तू विचारलंस कधी?’’

म्युझियमच्या दुकानातून तिने साखरेची दोन पाकिटं घेतली. एक काळी, एक सोनेरी. आई परदेशात कधी स्वतःहून काही विकत घेत नाही, रुपयांत हिशेब करून खाली ठेवते. त्या दिवशी हिशेब केला नाही.

बाहेर आलो, तर पाऊस दुप्पट. रस्त्याकडेच्या एका गाडीवर दालपुरी खाल्ली. दोन-दोनच्या जोडीने देतात, आत पावटावर्गी शेंगांची रस्सा भाजी, टोमॅटोची चटणी आणि मिरची. पोळीच्या आत वाटलेली डाळ. ‘‘पुरणपोळीची तिखट बहीण,’’ आईने डिक्लेअर केलं आणि दुसरी जोडी मागवली.

आणि इथे माझं आणि आईचं वाजलं.

वाजले होते दीड. माझ्या मते आता वर ग्रां बेला जायचं. तिथे शॉपिंग आहे, कॅफे आहेत, समुद्र निदान दुरून तरी दिसेल. आई म्हणाली, ‘‘मला ती जागा बघायची. जिथे ती माणसं उतरायची.’’

‘‘आई, तिथे नुसत्या भिंती आहेत! मी गूगलवर बघितलंय. शीटमध्ये घेतलंच नाही म्हणून.’’

‘‘बरं,’’ आई म्हणाली.

तुमच्या आईचं ‘बरं’ तुम्हाला माहीत असेल. त्यानंतर काही बोलायला उरत नाही. मी तरी ड्रायव्हरला ग्रां बे सांगितलं. त्याने गाडी सुरू केली नाही. म्हणाला, पाऊस वाढतोय, लवकर खाली शहरात गेलेलं बरं. मग त्याने सांगितलं. १५ जानेवारी २०२४, बेलाल वादळ. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. त्याच्या आधी ३० मार्च २०१३ ला काही तासांत एवढं पाणी भरलं, की शहरात अकरा माणसं गेली. ‘‘टुरिस्ट बोलते, थोडा पाऊस आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आम्ही पाणी कुठून येतो ते बघते.’’

मुंबईचा २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला याच्यापुढे वाद घालायचा नसतो. गाडी पोर्ट लुईकडे वळली. आई खिडकीबाहेर बघत होती. सॉरी म्हणायला मला पुढची वीस मिनिटं लागली. म्हणाले नाहीच शेवटी. नुसतं ड्रायव्हरला सांगितलं, ‘‘दादा, आधी घाटावर घ्या.’’

आप्रवासी घाट बंदरालगतच आहे. २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. माझं गूगल तसं खोटं नव्हतं. खरंच नुसत्या भिंती आहेत. काळ्या दगडाच्या, कमरेएवढ्या, कुठे कुठे त्याहून कमी. १८४९ पासून बांधलेल्या डेपोचा थोडासाच भाग उरलाय. इथे स्वयंपाकघर होतं, इथे दवाखाना, इथे संडास. जहाजातून उतरलेली माणसं इथे एक-दोन रात्री राहायची आणि मग ज्याच्या त्याच्या मळ्यावर रवाना व्हायची. करार पाच वर्षांचा. पुष्कळांची ती पाच वर्षं कधी संपलीच नाहीत.

आणि सोळा पायऱ्या. उतरलेला प्रत्येकजण या पायऱ्या चढून वर यायचा. लहानशा आहेत. आपल्या सोसायटीच्या जिन्याला याहून जास्त असतील. पाऊस त्यांच्यावरून खाली वाहत होता. आई छत्री धरून खाली उभी राहिली आणि बोटाने मोजल्या. एक, दोन, तीन... सोळा. परत एकदा मोजल्या. पाय ठेवला नाही.

आतल्या दालनात आम्हाला रजिस्टरांबद्दल सांगितलं. आलेल्या प्रत्येक माणसाला एक नंबर मिळायचा. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, सगळं लिहून घ्यायचे. १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले. नावं कारकुनाला जशी ऐकू आली तशी लिहिली. कोणाचं पहिलं नाव आडनाव होऊन बसलं, कोणाचं बापाचं. हे सगळे कागद आजही आहेत, मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेले.

‘‘माझाही फोटो काढला होता की बोटीत चढताना,’’ आई मला हळूच म्हणाली. ‘‘नि नंबरचं कार्ड दिलंय.’’ गळ्यातलं क्रूझ कार्ड तिने बोटांत धरलं होतं.

मग तिने तिथल्या गाइड बाईंना विचारलं. म्हणजे मी इंग्रजीत विचारलं, तिच्या वतीने. आमच्याकडचा एकजण आला होता, कागदात सापडेल का?

बाईंनी अगदी आपुलकीने विचारलं, ‘‘नाव काय त्यांचं?’’

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे.

‘‘साल? जहाज?’’

आईने मान हलवली. ‘‘आम्ही त्याला मोरसवालाच म्हणायचो,’’ ती म्हणाली. हे मी ट्रान्सलेट केलं नाही.

मोबाइलचा पहिला अलार्म वाजला. साडेतीन. बाहेर गटारं भरून वाहायला लागली होती आणि ड्रायव्हरभाऊ हातवारे करून बोलवत होता. बंदर अगदी हाकेच्या अंतरावर, तरी त्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला. मी नखं खाल्ली. सव्वाचारला धक्क्यावर पोचलो. त्याने ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. आईने पर्समधून तिचा राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा काढून त्याच्या हातात दिला. ‘‘पुढच्या गणपतीला या आमच्याकडे. जाखडी दाखवते.’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही या. झाकरी दाखवतो.’’

बोट सुटली. मी त्या महागड्या वाय-फायचं पॅकेज घेतलं आणि संगमेश्वरला मामांना फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मामा वैतागलेले.

‘‘मामा, तो मोरसला गेलेला... त्याचं नाव काय होतं?’’

बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

‘‘कुणास ठाऊक गं. नाव घेत नसत त्याचं. समुद्र ओलांडून गेला, तो गेला. घरातले कोणी बोलायचे नाहीत.’’

फोन स्पीकरवर होता. आई डेकच्या काचेतून मागे पडणारं बेट बघत होती. आता पाऊस थांबला होता, अर्थातच, आणि डोंगर लख्ख दिसत होते. ‘‘त्या इंग्रजाच्या कारकुनाने निदान विचारलं तरी,’’ ती म्हणाली. ‘‘काय रे बाबा तुझं नाव, म्हणून. आपण ते पण केलं नाही.’’

माझ्या एक्सेल शीटमध्ये त्या दिवसासमोर अजून ‘रद्द’ लिहिलेलं आहे. बदलायला हवं. मामांनी मात्र मनावर घेतलंय. देवळातल्या गुरवांकडे जुनी कागदपत्रं आहेत, भाऊबंदांत एक नव्वदीच्या काकू आहेत, विचारून बघतो म्हणालेत. नाव मिळालं, तर मी मोक्याला पत्र लिहिणार आहे. तुमच्याही घरात असा कोणीतरी ‘गेलेला’ असेल, तर आजच कोणाला तरी विचारून ठेवा. ज्याला आठवतंय, तो आहे तोवर.

रात्री केबिनमध्ये आई बॅग भरत होती. साखरेची दोन्ही पाकिटं तिने साडीत गुंडाळून अगदी तळाशी ठेवली.

‘‘कोणाला देणारेस?’’ मी विचारलं.

‘‘दादाला. घरी नेऊन देवापुढे ठेव म्हणणार आहे.’’ तिने चेन लावली. ‘‘सांगते त्याला, उशीर झाला खरा, पण आणली बाबा एकदाची साखर.’’